हरकत नोंदवणारा अधिकारी कसा घडतो?

२० जानेवारी १९४२ रोजी बर्लिनच्या वान्झे तलावाकाठी एका बंगल्यात नाझी राजवटीचे १५ वरिष्ठ अधिकारी युरोपातील ज्यूंच्या संहाराच्या प्रशासकीय नियोजनासाठी जमले होते. त्यांच्यातील ८ जण डॉक्टरेट मिळवलेले होते. १९९२पासून त्याच बंगल्यात स्मारक आणि शिक्षणकेंद्र असून तेथे शाळकरी मुलांबरोबरच सरकारी कर्मचाऱ्यांसाठीही अभ्यासवर्ग घेतले जातात.

या वर्गांत प्रशिक्षणार्थींना हुकूमशाहीच्या काळात आपल्याच पेशातील माणसे कशी वागली ते पाहायला लावतात, आणि ही पद्धत मला फार मोलाची वाटते. मृत्युछावण्यांकडे पाठवलेल्या ज्यूंचे भाडे रेल्वे प्रवासी दराने आकारत असे व चार वर्षांखालील मुलांना त्यात सूट होती. वित्त कार्यालये हद्दपार झालेल्यांच्या घरातील सामानाच्या याद्या करून त्याचा लिलाव करीत. हे काम करणाऱ्या बहुतेकांनी कधी शस्त्र हाती घेतले नव्हते. क्रूर शिपायाचे चित्र पाहून आजचा कारकून ‘हा मी नव्हे’ असे सहज म्हणेल, पण नीटनेटक्या यादीखालची सही पाहिल्यावर त्याला तसे म्हणता येत नाही.

अशा शिक्षणाने वागणूक बदलू शकते का? अमेरिकेतील येल विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी १९६१ साली सुरू केलेल्या प्रयोगमालेतून या प्रश्नावर काही प्रकाश पडतो. संशोधकाच्या आज्ञेवरून दुसऱ्याला विजेचे (प्रत्यक्षात खोटे) झटके देताना एका प्रयोगात ४०पैकी २६ जण शेवटच्या, ४५० व्होल्टच्या बटणापर्यंत गेले. मात्र शेजारी बसलेल्या दोन साथीदारांनी नकार दिला तेव्हा तेथवर जाणारे ४०पैकी फक्त ४ उरले. या प्रयोगांच्या नैतिकतेवर आणि अर्थावर अजूनही वाद होतात. तरीही समोर कोणी नकार देताना दिसला की आज्ञेची पकड किती सैल होते, हे त्यांतून दिसते. म्हणून नकार देणाऱ्यांची उदाहरणे शिकवणे मला अत्याचारांच्या वर्णनाइतकेच आवश्यक वाटते. जुलै १९४२मध्ये पोलंडमधील युझेफुफ गावी हॅम्बुर्गच्या राखीव पोलीस तुकडी १०१ला ज्यूंच्या हत्येचा हुकूम मिळाला, तेव्हा खुद्द कमांडरनेच माघार घेण्याची मुभा देऊनही सुमारे ५००पैकी डझनभरच पोलीस आरंभी बाजूला झाले. निःशस्त्र नागरिकांना मारण्यास नकार दिल्यामुळे कोणाला भयंकर शिक्षा झाल्याचे एकही प्रकरण युद्धोत्तर खटल्यांतील आरोपींना दाखवता आले नाही.

आज जर्मन कायद्यानुसार अधिकारी आपल्या कृतीच्या वैधतेला व्यक्तिशः जबाबदार असतो. आदेश बेकायदा वाटल्यास वरिष्ठांकडे हरकत नोंदवणे त्याचे कर्तव्य आहे, आणि मानवी प्रतिष्ठेचा भंग करणारा आदेश पुन्हा बजावला तरी त्याने तो पाळायचा नसतो. मात्र राजकीय विरोधकांवर खटले चालवणाऱ्या नाझींच्या ‘लोकन्यायालया’तील एकाही न्यायाधीशाला पश्चिम जर्मनीच्या न्यायव्यवस्थेने अंतिमतः दोषी ठरवले नाही; नाझी आणि पूर्व जर्मनीतील साम्यवादी, अशा दोन्ही राजवटींतील अन्यायाचा विचार कायद्याच्या अभ्यासक्रमात अनिवार्य होण्यासाठी २०२२ साल उजाडावे लागले.