बूड का दुखतं? बाईकच्या सीटची पार्श्वभूमी आणि 'डेन्सिटी' नावाचा घोळ

समृद्धी महामार्ग नागपुरातून निघतो, 701 किलोमीटरचा, जून 2025 पासून पूर्ण चालू आहे, आणि दुचाकीला त्याच्यावर बंदी आहे. म्हणजे आपल्याच गावातून सुरू होणारा एवढा गुळगुळीत रस्ता बाईकवाल्याने खालून मान वर करून बघायचा. मग पुण्याला जायचं असो का चिखलदऱ्याला, आपल्या नशिबी तोच जुना अमरावती रोड, आणि पचमढीला निघालो तं छिंदवाड्याचा रस्ता. गावं, गतिरोधक, ट्रक, परत गाव. दीडशे किलोमीटरवर अमरावती येते तोवर अर्धा ग्रुप फुटरेस्टवर उभा राहून गाडी चालवत असतो, आणि चहाच्या टपरीवर बसायला खुर्ची दिली तरी कोणी बसत नाही.

मग सीटचा विषय निघतो आणि सल्ले दोनच असतात. एक, जेल टाक, म्हणजे सीटमधे लिबलिबीत जेलची गादी. दोन, फोमची डेन्सिटी वाढव. हे दोन्ही शब्द आपल्याकडे नेमके कुठून आले ते बघायला गेलो तं बरंच मागं जावं लागलं, म्हणून हे लिहून ठेवतोय.

फार जुनं थोडक्यात. सुरुवातीच्या मोटारसायकली म्हणजे सायकलला लावलेलं इंजिन, सीटसुद्धा सायकलचीच, ताणलेलं चामडं आणि खाली जाड स्प्रिंगा. मागच्या चाकाला शॉकअप नव्हतेच, त्यामुळे रस्त्याचा सगळा दणका त्या स्प्रिंगांनीच झेलायचा. दुसऱ्या महायुद्धानंतर मागे स्विंगआर्म, म्हणजे मागचं चाक धरून वरखाली हलणारा दांडा, आणि शॉकअप सर्रास आले तशी सीटच्या स्प्रिंगांची नोकरी गेली आणि दोघांची लांब सपाट सीट आली. तिच्यात फोम. हा फोम आधी रबराचा होता, 1929 च्या सुमारास इंग्लंडात रबराचा चीक फेटून त्याचा फेस घट्ट करायची युक्ती सापडली होती, आणि ज्या कंपनीने ते केलं तिचं नाव आपल्याकडे एवढं रुळलं की आमची आजी शेवटपर्यंत कुठल्याही फोमच्या गादीला डनलपच म्हणायची. पॉलियुरेथेन जर्मनीत 1937 ला सापडलं, त्याचा मऊ फोम पन्नाशीच्या दशकात बाजारात आला, स्वस्त होता, साच्यात ओतता येत होता, आणि त्याने रबराला बाजूला केलं. आज तुमच्या बुडाखाली तोच आहे.

इथपर्यंतचं वाचून माहीत आहे, पुढचं बुडाने माहीत आहे.

आपल्याकडे 1955 पासून मद्रासला बुलेट बनायला लागली, साठच्या दशकात राजदूत आणि जावा आल्या, पण आजची आपली सीट ज्या गाड्यांनी घडवली त्या म्हणजे 1984 ते 86 मधे जपान्यांच्या भागीदारीत आलेल्या शंभर सीसीच्या. आणि त्यांच्यानंतर 1994 ची स्प्लेंडर. आमच्या घरी होती. सीट लांब, सपाट, मऊ. बाबा पुढं, आई मागं, मधे मी चेपलेला, आणि ताई टाकीवर. रविवारी महालातून तेलंगखेडीला जायचं आणि परत यायचं, एवढाच तिचा प्रवास. त्या कामाला ती सीट एकदम बरोबर होती राजेहो, कोणाचंच काही दुखलं नाही, कारण अर्ध्या तासाच्या वर कोणी बसतच नव्हतं.

पण त्या सीटने आपल्या डोक्यात एक गोष्ट पक्की करून ठेवली, मऊ म्हणजे चांगली. शोरूममधे आजही माणूस काय करतो, अंगठ्याने सीट दाबतो. अंगठा आत गेला की खुश. मग दोन मिनिटं बसून बघतो आणि टोकन देऊन येतो. चार तास बसून कोणी गाडी घेत नाही.

2001 ला पल्सर, 2003 ला करिझ्मा आली आणि पोट्टे लांब जायला लागले. गाडीची ताकद वाढली, टाकी मोठी झाली, सीटचा विचार मात्र तोच राहिला, उलट काही बाबतीत बिघडला. स्पोर्टी दिसायला पाहिजे म्हणून पुढची सीट खाली आणि मागची वर, 2011 मधे यामाहाच्या आर वन फाईव्हची दुसरी आवृत्ती स्प्लिट सीट घेऊन आली तेव्हा कॉलेजात सगळ्यांना तीच पाहिजे होती, आणि मागं बसणारीला माळ्यावर चढवल्यासारखं बसावं लागायचं. त्याच्या दोन वर्षं आधी, 2009 ला, बुलेटवाल्यांनी त्यांच्या क्लासिक नावाच्या गाडीमधे उलटाच डाव टाकला. पुढच्या सीटखाली चक्क स्प्रिंगा परत आणल्या. मागे शॉकअप असताना. माझं मत विचाराल तं त्या जास्त दिसण्यासाठीच आहेत, पण ज्यांच्याकडे आहे ते शपथेवर सांगतात की फरक पडतो, आणि त्यांच्याशी वाद घालायची माझी हिंमत नाही.

आता डेन्सिटी. इथे थोडं थांबावं लागेल कारण सगळा घोळ इथेच आहे.

नागपुरात कुठल्याही सीटवाल्याकडे जा, तो विचारतो, "भाऊ, बत्तीसची टाकू का चाळीसची?" आपण म्हणतो चाळीस, कारण चाळीस मोठा आकडा आहे आणि बूड दुखून रायलं आहे. हा आकडा बाईकच्या दुनियेतला नाहीच, तो गाद्यांच्या दुकानातून आलाय. फोमचा तुकडा विकताना किती किलोचा माल भरलाय ते कळावं म्हणून एक घनमीटर फोमचं वजन किलोत सांगतात, ती डेन्सिटी. एवढंच. ती कडकपणा सांगत नाही, आरामही सांगत नाही.

हिशोब करून बघा. पुढच्या सीटची बसायची जागा धरा 30 बाय 30 सेंटीमीटर, जाडी 6. बत्तीसचा फोम टाकला तर त्याचं वजन 173 ग्रॅम भरतं, चाळीसचा टाकला तर 216. फरक 43 ग्रॅम. तर्री पोह्याच्या प्लेटवर टाकलेल्या चिवड्याएवढा. ह्या 43 ग्रॅमवर लोकांनी दुकानात अर्धा अर्धा तास घासाघीस केलेली मी बघितली आहे, आणि खरं सांगायचं तं केलेली पण आहे.

डेन्सिटीने कळतं काय? टिकेल किती ते. हलका फोम लवकर बसतो, म्हणजे दबतो आणि परत वर येत नाही, जड फोम जास्त दिवस तग धरतो. पण एकाच डेन्सिटीचे दोन फोम, एक उशीसारखा मऊ आणि एक पाटासारखा कडक, असे बनवता येतात, रसायनांची रेसिपी बदलली की झालं. कडकपणा मोजायची पद्धत वेगळीच आहे, 4 इंच जाडीच्या फोमवर 50 चौरस इंचाची गोल तबकडी दाबतात आणि जाडी पाव कमी व्हायला किती जोर लागला ते लिहितात. मग अजून दाबतात, 65 टक्क्यांपर्यंत, आणि तो जोर पहिल्या जोराच्या किती पट आला ते बघतात. आपल्या कामाचा आकडा हा आहे. ही पट जास्त असली म्हणजे फोम वरून मवाळ आणि आत गेल्यावर धरून ठेवणारा, कमी असली म्हणजे वरून जसा तसाच आतून, हाड सरळ तळाच्या प्लास्टिकला टेकणार. हा आकडा ना सीटवाला सांगतो, ना त्याला माल देणारा, ना गाडीची कंपनी माहितीपत्रकात छापते, तिथं सीटची उंची मात्र मिलीमीटरमधे असते.

आता 'हाय डेन्सिटी' म्हणून जे खपवतात त्याची अजून एक गंमत. फोमच्या कारखान्यातला आणि गादीवाल्यांकडचा उरलेला चुरा गोळा करतात, त्याला चिकट द्रव्य लावून दाबून ठोकळे बनवतात, तो रिबॉन्डेड फोम, रंगीबेरंगी ठिपक्यांचा. त्याची डेन्सिटी सहज 80, 100 च्या घरात जाते. आकड्याच्या हिशोबाने एकदम राजा. मी एकदा टाकून घेतला होता, सीटवाला म्हणाला "शंभरची डेन्सिटी आहे भाऊ, जिंदगीभर बघायचं काम नाही", आणि रामटेकपर्यंत, म्हणजे 50 किलोमीटरसुद्धा नाही पूर्ण, मला समजलं की मी विटेवर बसलो आहे. सीटवाला खोटं बोलला का? नाही ना! शंभरच होती. मीच चुकीचा प्रश्न विचारला होता. (सीट अजून आहे, माळ्यावर. बसलेली नाही, कबूल करावं लागेल.)

पण म्हणून मऊच बरी असं नाही. बसल्यावर आपलं वजन मुख्यतः दोन हाडांवर येतं, बुडाच्या आतली दोन टोकं. फार मऊ फोममधे ती बुडतात, तळाला लागतात, आणि आजूबाजूचा फोम मांड्यांना आणि मधल्या नाजूक भागाला वर ढकलतो, रक्त पुरवणाऱ्या बारीक नळ्या दबतात, मुंग्या येतात, मग आग. फार कडक असली तर त्याच दोन टोकांवर सगळा भार. म्हणून मऊ सीट पहिल्या दहा मिनिटांत छान वाटते आणि दोन तासांनी धोका देते, आणि जी लांबच्या प्रवासाला खरंच बरी असते ती शोरूममधे अंगठ्याला कडक लागते. अमेरिकेत लांब अंतरवाल्यांचं एक मंडळ आहे, 24 तासांत 1000 मैल म्हणजे 1609 किलोमीटर मारले तर प्रमाणपत्र देतं, मंडळाच्या नावाचा सरळ मराठी अर्थ 'लोखंडी बूड' असा होतो. मऊ बूड असं नाव त्यांनी ठेवलं नाही.

जेलची गोष्ट लहान आहे. जेल भार पसरवतं हे खरं, पण ते उष्णता धरून ठेवतं. थंड देशातल्या माणसाने ह्याचं कौतुक करावं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर, सीट काळ्या रेक्झिनची, गाडी दुपारी ढाब्यासमोर उन्हात अर्धा तास उभी. त्यावर बसून दाखवा. एकाने बाटलीभर पाणी ओतलं सीटवर आणि वाफ निघाली असं तो सांगतो, वाफेचं मी मनावर घेत नाही पण तो पुढचे वीस किलोमीटर टॉवेल टाकून बसला होता हे मी बघितलं आहे.

मेमरी फोमचं तर अजूनच वेगळं. तो 1966 मधे अमेरिकेच्या अंतराळवाल्यांसाठी बनवला, विमानातल्या सीटसाठी, आणि त्याचा गुणच असा की गरम झाला की मऊ पडतो, थंडीत आखडतो. विदर्भात म्हणजे डिसेंबरच्या पहाटे निघालात तर पाटा आणि मे मधे शिरा. ह्या सगळ्यात सरळ काम करणारी गोष्ट आली दवाखान्याच्या बाजूने. व्हीलचेअरवर दिवसभर बसणाऱ्यांना जखमा होऊ नयेत म्हणून हवेच्या छोट्या छोट्या जोडलेल्या कप्प्यांची उशी निघाली होती, तीच पुढे बाईकवाल्यांनी उचलली. तिच्यात एका कप्प्यावर भार आला की हवा शेजारच्या कप्प्यात सरकते. आपल्याकडे महाग मिळते म्हणून पोट्ट्यांनी सायकलची ट्यूब घडी घालून अर्धवट हवा भरून कव्हरमधे कोंबायची युक्ती काढली, आणि हसू नका, चालते. हवा कमी ठेवायची एवढंच, लोक टम्म फुगवतात आणि मग वळणावर सीटवरून घसरतात. ट्रक ड्रायव्हरांचं लाकडी मण्यांचं कव्हर पण आहेच, त्याने दाबाचं काही होत नाही पण खालून हवा खेळते, आणि घामाने भिजलेली पॅन्ट घासून साल निघणं हे अर्धं दुखणं असतं हे कोणी मोजतच नाही.

आणि आकार. फोमवर एवढं बोलून आकाराला दोन ओळी देणं हा अन्याय आहे पण सगळेच करतात. बऱ्याच गाड्यांची सीट पुढं टाकीकडे उतरती असते, ब्रेक मारला की माणूस पुढं सरकतो, परत मागं होतो, दिवसातून हजार वेळा. हा उतार काढला, मागच्या बाजूने थोडा फोम हेक्सा ब्लेडने तासला, पुढं पाचर लावली सोल्युशनने, तर आहे त्याच फोमवर निम्मं दुखणं जातं, माझं तरी गेलं. वरून कव्हर मात्र ढिलं पाहिजे. सीटवाले हौसेने रेक्झिन ढोलकीच्या कातड्यासारखं ताणून पिना मारतात, सुरकुती नाही म्हणून आपण पण खुश, आणि मग खाली कुठलाही फोम टाका, तुम्ही त्या ताणलेल्या रेक्झिनवर बसलेले असता. शिवण बरोबर हाडाखाली आली तर विचारूच नका.

हे सगळं चालवणाऱ्याच्या सीटचं झालं. मागच्या सीटचा इतिहास लिहायला बसलं तर पान भरणार नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात मागं एकच माणूस, नीट बसवलेल्या सीटवर, एवढं आहे, 1989 च्या नियमात धरायला कडी, पाय ठेवायला फुटरेस्ट आणि अर्धं चाक झाकणारं साडी गार्ड आलं, फोमबद्दल चकार शब्द नाही. गाड्या बनवणाऱ्यांनी पण तेवढंच केलं. मागच्या महिन्यात पचमढीला जाताना सौंसरला थांबलो, माझी सीट नवीन, उतार काढलेला, रेक्झिन ढिलं, मी मजेत. बायको उतरली, काही बोलली नाही, माझी हवेची उशी काढून मागं बांधली आणि चहा सांगायला गेली.