एव्हरेस्ट : आडनावाचं शिखर आणि दोन फुटांची अफवा

चढाईचा मोसम आला की एक गोष्ट हमखास पुन्हा वाचायला मिळते. एव्हरेस्टची पहिली मोजणी म्हणे बरोबर 29,000 फूट आली. इतका गोल आकडा कुणाला पटणार नाही, म्हणून इंग्रज सर्वेक्षण खात्याच्या साहेबाने वर दोन फूट चिकटवले आणि 29,002 जाहीर करून टाकले. गोष्ट चटपटीत आहे, पण खोटी आहे, आणि तिने फार मोठ्या कष्टांवर पाणी पडतं. त्या सर्वेक्षणात बिहारच्या मैदानातल्या सहा ठाण्यांवरून आलेल्या उंची अशा होत्या : जिरोल 28,991.6, मिर्झापूर 29,005.3, जंजपती 29,001.8, लदनिया 28,998.6, हरपूर 29,026.1 आणि मिनाई 28,990.4 फूट. कागद घ्या, बेरीज करा, सहाने भागा. उत्तर 29,002.3 येतं. कुणी काही चिकटवलेलं नाही.

तेव्हा या शिखराला नाव नव्हतं, फक्त ‘पीक 15’ असा क्रमांक होता. म्हणजे सर्वेक्षण खात्याच्या दप्तरात नव्हतं. तिबेटी लोक त्याला चोमोलुंग्मा म्हणत होतेच, आणि 1733 सालच्या एका फ्रेंच नकाशावर ते नाव वेड्यावाकड्या स्पेलिंगमध्ये का होईना, छापलेलंही होतं. सर्वेअर जनरल अँड्र्यू वॉ यांनी 1856 मध्ये उंची कळवताना आपल्या आधीच्या सर्वेअर जनरलचं आडनाव सुचवलं. जॉर्ज एव्हरेस्ट 1843 मध्येच निवृत्त होऊन मायदेशी परतले होते. या शिखराकडे थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायची दुर्बीण, वळला तो त्यानंतर, 1847 मध्ये. एव्हरेस्ट स्वतः स्थानिक नावं राखण्याच्या बाजूचे. हे नाव हिंदी-फारसीत लिहिता येणार नाही आणि तिथल्या लोकांना उच्चारता येणार नाही, अशी हरकतही त्यांनी घेतली होती. लिहिण्या-बोलण्याची ती भीती काही खरी ठरली नाही. गंमत म्हणजे, त्यांच्या घरचा उच्चार ‘ईव्हरेस्ट’ होता, तो मात्र जगभर हरवला.

आपल्याकडे गावाच्या नावाला ‘कर’ लागून आडनाव होतं. हे आडनावही तसंच गावावरून आलेलं. फ्रान्सच्या नॉर्मंडीत एव्ह्रो नावाचं शहर आहे, तिथून आलेल्यांना इंग्लंडमध्ये ते चिकटलं. एव्ह्रो हे नाव एबुरोव्हिकेस या केल्टिक टोळीवरून पडलं, आणि त्यातलं ‘एबुरो’ म्हणजे यू नावाचं सूचिपर्णी झाड असं मानतात. म्हणजे झाड, टोळी, शहर, आडनाव आणि मग शिखर असा हा प्रवास. यूची हिमालयी जात, थुनेर, त्याच पर्वतरांगेच्या खालच्या उतारांवर उगवते, हे कळलं तेव्हा मी हातातलं काम सोडून बसलो होतो.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते. नेपाळमध्ये शिरायला सर्वेक्षकांना परवानगी नव्हती, म्हणून 1849-50 मध्ये शिखर मोजलं गेलं ते जवळजवळ पावणेदोनशे किलोमीटरवरून. हात सरळ लांब करा आणि अंगठा उभा धरा. अंगठ्याची रुंदी साधारण दोन अंश भरते. तिथून पीक 15 क्षितिजाच्या वर जेमतेम तेवढंच दिसतं. या अंतरावर कोनात एक विकला, म्हणजे अंशाचा छत्तीसशेवा भाग, चुकला तर उंची पाऊण मीटरहून जास्त चुकते.

पण खरी अडचण दुसरीच होती. पृथ्वी गोल असल्यामुळे दूरची वस्तू खाली जाते. किती, ते अंतराच्या वर्गाला पृथ्वीच्या व्यासाने भागलं की मिळतं. 177 किलोमीटरचा वर्ग 31,329, त्याला 12,742 ने भागा : जवळजवळ अडीच किलोमीटर. एवढा डोंगर क्षितिजाखाली बुडालेला असतो. उलट हवा त्याला वर उचलते. खालची हवा दाट, वरची विरळ. त्यामुळे शिखरावरून निघालेला किरण दाट हवेकडे, म्हणजे खाली, वाकत येतो. डोळ्याला हे वाकणं कळत नाही. किरण शेवटी ज्या दिशेने आला त्याच सरळ रेषेत तो शिखर पाहतो, म्हणून शिखर असतं त्याहून उंच दिसतं. भांड्यात पाणी ओतल्यावर तळाचं नाणं वर आल्यासारखं दिसतं, तसंच. वक्रतेने बुडवलेल्यातला सातवा-आठवा हिस्सा हवा असा परत देते. इथे तो तीनशे मीटरच्या वर जातो. त्यात हे प्रमाण दिवसभर बदलतं. पहाटे जमीन गार असते तेव्हा जास्त, दुपारी कमी आणि बरंच स्थिर. शिवाय मैदानातलं प्रमाण आठ हजार मीटरवरच्या विरळ हवेला लागू नाही. पुढे हे प्रमाण कमी धरून गणित केलं तेव्हा 29,141 फूट आले! भरीस भर म्हणजे हिमालयाचं वस्तुमान ज्यावरून यंत्र सरळ उभं करायचं त्या ओळंब्यालाही स्वतःकडे ओढतं, समुद्रसपाटीही तिथे फुगते. आजची मान्य उंची 8848.86 मीटर, म्हणजे सुमारे 29,032 फूट. जुना आकडा तिच्यापासून फक्त तीस फूट दूर राहिला, कारण विरुद्ध दिशांच्या चुकांनी एकमेकींना बरंचसं खाऊन टाकलं.

या आकडेमोडीचे मुख्य गणक होते राधानाथ सिकदार. ते धावत साहेबाच्या खोलीत शिरले आणि ‘सर्वांत उंच शिखर सापडलं’ म्हणाले, हा नाट्यप्रसंगही जुळत नाही : 1852 मध्ये ते कलकत्त्यात होते आणि वॉ डेहराडूनला. असला शोध एका आरोळीने लागत नाही. वर्षानुवर्षं दुरुस्त्या लावत बसावं लागतं.

एव्हरेस्ट यांचं नाव त्यांच्या कामाला आणखी एका ठिकाणी लागलंय, आणि मला ते शिखराहून जास्त शोभतं. सर्वेक्षक विल्यम लॅम्बटन यांनी मद्रासजवळ 1802 मध्ये सुरू केलेली जमिनीची मोजणी ते 1823 मध्ये हिंगणघाटला वारल्यावर एव्हरेस्ट यांनी उत्तरेकडे नेली, आणि तिच्यातून पृथ्वीचा आकार काढला : विषुववृत्ताशी त्रिज्या 6,377.276 किलोमीटर. आजच्या मापापेक्षा ती साधारण 860 मीटरने कमी आहे. भारताचे जुने टोपोशीट, म्हणजे भूप्रदेशाचे तपशीलवार सरकारी नकाशे, पृथ्वीच्या या मापावर, ‘एव्हरेस्ट स्फेरॉइड’वर, आखलेले आहेत. म्हणून जीपीएसने दिलेले अक्षांश-रेखांश त्यांच्यावर जसेच्या तसे टाकता येत नाहीत, आधी एव्हरेस्टच्या पृथ्वीवर उतरवून घ्यावे लागतात.