पार्श्वभूमी : चाकूंच्या पेटीतले ‘दमास्कस’

‘दगडापासून पोलादापर्यंत’ अशा धर्तीचे चाकूंचे संग्राह्य संच हल्ली ऑनलाइन बाजारात बरेच दिसतात. मखमली अस्तराची लाकडी पेटी आणि तिच्यात पाच-सहा खाचा. एका खाचेत शिंगाच्या मुठीत बसवलेले चकमकीच्या दगडाचे पाते, पुढे काशाचा खंजीर, मध्ययुगीन युरोपातला कमरेचा सुरा, अमेरिकी बोवी (लांब-रुंद पात्याचा शिकारी सुरा), घडीचा चाकू. मधोमध, सर्वांत भाव खाणारे, लहरींची नक्षी असलेले ‘दमास्कस’ पाते. बाकीच्या खाचांबद्दल फारसे कुणी भांडत नाही. भांडण आहे ते या मधल्या पात्यावरून, आणि ते मुळात नक्षीचे नसून नावाचे आहे : सीरियातल्या दमास्कस शहराचे जे नाव मुशीत वितळवून केलेल्या जुन्या पोलादामुळे गाजले, ते आजच्या, थर जोडून केलेल्या पात्याला लावावे का?

प्राचीन भाग हे संच झटपट उरकतात, आणि त्यात गैर काही नाही. केनियात सापडलेली दगडी हत्यारे ३३ लाख वर्षे जुनी आहेत. ती हुबेहूब बनवून पेटीत ठेवली तर गिऱ्हाईक त्यांना फुटका दगड समजेल. म्हणून मग देखणे, पातळ, नंतरच्या काळातले पाते निवडले जाते. आपल्याकडे इनामगाव, नेवासे या ताम्रपाषाणयुगीन वसाहतींत कॅल्सेडनीची वस्तऱ्याइतकी धारदार पाती मोठ्या संख्येने मिळाली. तांबे हाताशी असूनही रोजचे कापणे-चिरणे लोक दगडानेच करत होते. ‘दगड संपला, धातू आला’ ही पेटीतली सरळ रांग तिथेच मोडते.

चाकू वापरण्यासाठी नव्हे तर मांडून ठेवण्यासाठी बनवायचा, ही हौस शेफिल्डने वाढवली. तिथल्या एका कारखान्याने १८२२ मध्ये १८२२ पात्यांचा चाकू केला. त्यानेच १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनासाठी ७५ पात्यांचा. दोन्ही काही कापण्याच्या कामाचे नव्हते. कारागिराचा हात दाखवायचा, एवढाच हेतू. आजच्या पेट्या याच वंशातल्या, फक्त त्यांना इतिहासाची झालर लागली आहे.

आता मधले पाते. ज्या तलवारींमुळे ‘दमास्कस’ हे नाव गाजले, त्यांचे पोलाद बव्हंशी दक्षिण भारतातून जात असे. आजचा तेलंगण, कर्नाटक, तमिळनाडू या पट्ट्यात मातीच्या छोट्या मुशीत घडीव लोखंडाचे तुकडे भरत, सोबत तरवडाचे लाकूड आणि रुईची पाने घालत, तोंड मातीने लिंपून मूस भट्टीत ठेवत. पालापाचोळ्यातला कार्बन लोखंडात उतरे, सगळे वितळे आणि हळूहळू निवू दिले की पोलादाची वडी हाती येई. या वड्या मछलीपट्टणसारख्या बंदरांतून इराणकडे जात. १८२० च्या सुमारास निजामाच्या मुलखातल्या कोनसमुद्रम गावी इस्फहानचा एक व्यापारी हे पोलाद मिळवण्यासाठी मुक्काम ठोकून होता, अशी नोंद एका इंग्रज भूगर्भतज्ज्ञाने करून ठेवली आहे. इतक्या लांबून माणूस येऊन राहतो, यावरूनच मालाची किंमत कळावी.

नावाच्या गोंधळात मुंबईचाही हात आहे. १७९४ मध्ये मुंबईतल्या एका स्कॉटिश डॉक्टरने या पोलादाचे नमुने लंडनच्या विज्ञानसंस्थेच्या अध्यक्षांकडे पाठवले. पुढच्याच वर्षी त्यावर निबंध प्रसिद्ध झाला आणि शीर्षकातच हे पोलाद ‘मुंबईत तयार होणारे, तिथे वुट्झ म्हटले जाणारे’ असे छापून आले. मुंबईत ते होत नव्हते. मुंबईहून निघाले म्हणून मुंबईचे ठरले, इतकेच. दमास्कसच्या बाबतीत असेच घडले असावे, असे मला वाटते, पण तिथे पुरावा दोन्हीकडे झुकतो. नवव्या शतकातल्या एका अरबी ग्रंथात दमास्कसला घडवलेल्या तलवारी वेगळ्या नोंदल्या आहेत. मात्र त्यांच्यावर नक्षी होती, असे तो ग्रंथ म्हणत नाही.

लंडनला पोचलेल्या वड्यांवर सुऱ्या-वस्तरे बनवणारे कारागीर तुटून पडले. पुढे विजेच्या शोधांमुळे अजरामर झालेला एक लोहाराचा मुलगा १८१८ पासून काही वर्षे एका सुरीकाराबरोबर याच पोलादाची नक्कल करत बसला होता. त्यांना आपले पोलाद साधले नाही, पण मिश्र पोलादांच्या अभ्यासाची वाट त्यातून निघाली. युरोपातले लोहार वेगळ्याच ठिकाणी अडखळत होते. ते वडी पांढरी होईपर्यंत तापवत, आणि इतका कार्बन असलेले पोलाद त्या तापमानात घणाखाली भुगा होऊन पडे. मंद लाल रंगावर, संयमाने ठोकायचे, ही गोष्ट निबंधांतून कळण्यासारखी नव्हती. एकोणिसाव्या शतकात आपल्याकडच्या भट्ट्याही थंडावल्या. स्वस्त विलायती पोलाद आले, कोळशासाठी लागणाऱ्या जंगलांवर बंधने आली. वडी गेली आणि नाव तेवढे मोकळे राहिले.

मोकळ्या नावाचा ताबा १९७३ मध्ये घेतला गेला. त्या वर्षी अमेरिकेतल्या एका चाकूकाराने आपल्या व्यावसायिक संघाच्या प्रदर्शनात नक्षीदार चाकू मांडले आणि त्यांना ‘दमास्कस’ म्हटले. ते मुशीतल्या पोलादाचे नव्हते. दोन वेगवेगळ्या पोलादांचे थर भट्टीत तापवून, ठोकून एकजीव करायचे, घडी घालायची, पुन्हा ठोकायचे आणि शेवटी आम्लात बुडवायचे, ही त्यांची रीत. मुशीच्या पोलादात नक्षी आतून उमटते, कार्बाइडचे (लोखंड आणि कार्बनच्या कठीण संयुगाचे) कण थंड होताना आणि घडवताना ओळी धरतात म्हणून. इथे ती बाहेरून रचलेली असते. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसू शकते, धातू म्हणून मात्र त्यांचा एकमेकांशी संबंध नाही.

त्या चाकूकाराची बाजूही ऐकायला हवी. थर जोडण्याची विद्या त्याने शोधली नव्हती. युरोपात ती वायकिंगांच्या आधीपासून होती. इंग्लंडमधल्या सटन हू इथल्या सातव्या शतकातल्या दफनात मिळालेली तलवार याच रीतीची. शिवाय एकोणिसाव्या शतकात बेल्जियम आणि बर्मिंगहॅममध्ये थर गुंडाळून केलेल्या बंदुकीच्या नळ्या ‘दमास्कस’ म्हणूनच विकल्या जात. नाव आधीच घसरले होते, त्याने ते नव्या पिढीला दिले, असे त्याचे समर्थक म्हणतात. युक्तिवाद खोटा नाही. पण बंदुकीच्या नळीला नाव देणे वेगळे आणि ‘हरवलेले रहस्य सापडले’ या कथेसह चाकू विकणे वेगळे. ती कथा मुशीच्या पोलादाची होती आणि चिकटली थरांच्या पोलादाला. या एका निर्णयाने चाकूकलेला नवे आयुष्य दिले, हे खरे. दख्खनच्या भट्ट्या त्याच वेळी गोष्टीतून बाहेर गेल्या, हेही तितकेच खरे.

खुलासा होईपर्यंत बाजार पुढे निघून गेला होता. १९९८ मध्ये एक धातुशास्त्रज्ञ आणि एक लोहार यांनी मिळून दाखवले, की जुन्या पात्यांची नक्षी खनिजातून आलेल्या व्हॅनेडियमसारख्या धातूंच्या लेशमात्र अंशावर अवलंबून होती. विशिष्ट खनिज संपले की लोहार तोच असूनही नक्षी येईनाशी होते. २००६ मध्ये ड्रेस्डेनच्या संशोधकांना सतराव्या शतकातल्या एका पात्यात कार्बनच्या नॅनोनलिका, म्हणजे अतिसूक्ष्म नळ्या, आढळल्या. वर्तमानपत्रांनी ‘प्राचीन नॅनोतंत्रज्ञान’ म्हणून ती बातमी उचलली आणि दुकानदारांनी ती थेट थरांच्या चाकूंच्या जाहिरातीत घातली.

आजच्या बहुतेक संचांतले पाते १०९५ आणि १५एन२० या दोन पोलादांच्या थरांचे असते. दुसऱ्यातल्या निकेलवर आम्ल चढत नाही, म्हणून चमकदार रेघ उरते. स्वस्त माल पाकिस्तानातल्या वझिराबादहून मोठ्या प्रमाणात येतो. त्यात उत्तम घडाईही असते आणि निव्वळ शोभेचे पत्रेही. त्याखालची पायरी म्हणजे साध्या स्टेनलेसवर लेझरने छापलेली नक्षी. बारीक पॉलिश पेपरने थोडा भाग घासून फेरिक क्लोराइड या नक्षी उठवणाऱ्या द्रावणात धरला आणि रेघा परत उमटल्या नाहीत, तर ती छपाई समजावी.

भारतातल्या संग्राहकाला आणखी एक बाब पाहावी लागते. शस्त्र नियमांच्या परिशिष्टाप्रमाणे ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचा चाकू शस्त्रांच्या यादीत मोडतो; घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय वा औद्योगिक कामासाठीची पाती त्यातून वगळलेली आहेत. विळी सुटते. पेटीतला बोवी ही मर्यादा सहज ओलांडू शकतो, आणि ‘शोभेची वस्तू’ असे पावतीवर लिहिल्याने माप बदलत नाही.

मुशीचे पोलाद पुन्हा बनवणारे लोहार आता जगभर थोडे थोडे आहेत. त्यांची पाती पेट्यांत सहसा येत नाहीत. वडी लहान निघते, घडवताना तडकते, आणि सगळे नीट जमूनही कधी कधी नक्षी येतच नाही. पाचशे पेट्यांची आवृत्ती काढणाऱ्याला असा माल परवडत नाही.