स्प्रिंकलरभोवतीची फट बुजवणे

फॉल्स सीलिंगमधून खाली आलेल्या स्प्रिंकलर हेडभोवती (आगीच्या उष्णतेने आपोआप उघडून पाणी फवारणाऱ्या तोंडाभोवती) छतात जे गोल भोक उरते, ते झाकण्याचे काम. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या धातूच्या कड्याला मुंबईतल्या साइटवर ‘रोझेट’ म्हणतात. काम फिनिशिंगचे दिसते आणि बहुतेकदा त्याच भावनेने उरकले जाते. पण आग लागल्यावर हेड वेळेत फुटणार की उशिरा, हे काही अंशी या फटीवर ठरते.

भोक गरजेपेक्षा मोठे होते ते कामाच्या क्रमामुळे. पाइपवाला आधी ड्रॉप, म्हणजे हेडसाठी खाली काढलेला पाइप, सोडून जातो, पीओपी किंवा जिप्सम बोर्डवाला मागून येतो. मधल्या काळात एसीच्या डक्टसाठी सीलिंगची लेव्हल दोन-तीन इंच खाली सरकलेली असते. केंद्र जुळत नाही, मग होल सॉने (गोल भोक पाडणाऱ्या करवतीने) नेमके भोक पाडण्याऐवजी कटरने बोर्ड कोरला जातो. लोअर परळ किंवा अंधेरीच्या एखाद्या ऑफिसात मान वर करून पाहिले, तर एका बाजूला सरकलेले रोझेट आणि त्याच्या कडेने दिसणारी काळी चंद्रकोर हमखास सापडते.

त्या चंद्रकोरीतून काय जाते, हे महत्त्वाचे. आगीचा तप्त धूर सरळ वर चढतो आणि छताला आपटून त्याखाली आडवा पसरतो. हेडमधल्या काचेच्या बल्बातला द्रव याच थराने तापतो, प्रसरण पावतो आणि बल्ब फोडतो. लाल बल्ब ६८ अंश सेल्सिअसला फुटतो, हिरवा ९३ अंशांना. भोक उघडे असेल तर धुराचा काही भाग बल्बला न तापवता थेट सीलिंगवरच्या पोकळीत शिरतो आणि बल्ब तापायला उशीर होतो. एसीची परतीची हवा त्याच पोकळीतून खेचली जात असेल, तर ही गळती आणखी वाढते. पोकळी ८०० मिलिमीटरपेक्षा उंच असल्यास राष्ट्रीय इमारत संहितेनुसार तिच्यातही स्प्रिंकलर लागतात, पण म्हणून खालची फट माफ होत नाही.

उलट बाजूची चूक जास्त घातक. फट दिसते म्हणून कोणी सिलिकॉनची ट्यूब मारतो, कोणी पुट्टी भरतो, कोणी पीयू फोम फवारतो (जो स्वतःच जळतो). झाकणे वेगळे, बुजवणे वेगळे. कन्सील्ड हेडच्या, म्हणजे छताच्या आत झाकणीमागे लपवलेल्या हेडच्या बाबतीत तर बुजवणे म्हणजे हेड निकामी करणे. त्याची चपटी झाकणी मऊ सोल्डरने अडकवलेली असते. साधारण ५७ ते ६० अंशांना सोल्डर वितळतो, झाकणी गळून पडते, मग हेडची पाणी पसरवणारी चकती खाली उतरते. झाकणी आणि छत यांच्यात ठेवलेली बारीक फट कारागिराचा आळस नव्हे. गरम हवा आत पोहोचावी म्हणून उत्पादकाने ती मुद्दाम ठेवलेली असते. तिच्यावर सिलिकॉनची रेघ ओढली की झाकणी छताला चिकटून बसते. वरच्या पोकळीत हवेचा दाब खोलीपेक्षा जास्त असेल, तर त्याच फटीतून थंड हवा खाली येऊन हेडला गार ठेवते. अशा छतात कन्सील्ड प्रकार वापरू नये.

अग्निरोधक सीलिंगमध्येही हाच विचार दिसतो. अमेरिकेतील ‘इंटरनॅशनल बिल्डिंग कोड’ स्प्रिंकलरभोवतीची फट धातूच्या कड्याने झाकलेली चालवून घेतो. तिथे सीलंट भरण्याचा आग्रह नाही. स्लॅबमध्ये कोअर कटिंग करून (आरपार गोल भोक कापून) नेलेल्या पाइपाची गोष्ट निराळी. ती जागा फायर सीलंटने पक्की बंद करावीच लागते, नाहीतर धूर मजल्यामागून मजले चढतो. दोन्ही कामे एकाच कंत्राटदाराकडे असली की ट्यूब एका जागची दुसरीकडे वापरली जाते.

मुंबईत खारी, दमट हवा स्वस्त रोझेटला लवकर गंज चढवते आणि गणपती-दिवाळीच्या रंगकामात रंगारी बल्बसकट सगळे पांढरे करून टाकतो. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ खाली दर जानेवारीत आणि जुलैत अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक एजन्सीचे ‘बी’ फॉर्मचे प्रमाणपत्र द्यावे लागते. पंप चालतो का, दाब किती, हे लगेच समजते. छतावरची कडी पाहायला शिडी लावावी लागते.

भोक मोठे झाले असेल तर बाजारातून मिळेल ते मोठे कडे आणून अडकवू नये. बोर्डाला तुकडा जोडून भोक नव्याने, मापात पाडावे. कन्सील्ड आणि रिसेस्ड (अर्धवट छतात बसवलेल्या) हेडला त्याच उत्पादकाची, त्याच मॉडेलची झाकणी किंवा कडी लागते. रंग बसलेले हेड खरवडून किंवा थिनरने पुसून वापरत नाहीत, बदलतात. आणि त्यासाठी मजल्याचा व्हॉल्व्ह बंद करून पाइप रिकामा करावा लागतो. रंगकामाआधी हेडवर प्लास्टिकची टोपी चढवणे याहून स्वस्त पडते. ती टोपी नंतर काढायची मात्र राहून जाते, आणि अशी टोपीसकट ताबा दिलेली ऑफिसे कमी नाहीत.