चकाकता पत्रा, कुजकी जमीन
अमेरिकेतल्या १९५० व १९६०च्या दशकांतील एअरस्ट्रीम ट्रेलरबद्दल, म्हणजे मोटारीमागे ओढायच्या अ‍ॅल्युमिनियमच्या फिरत्या घरांबद्दल, वर्षानुवर्षे सांगितले जाते की, अ‍ॅल्युमिनियम गंजत नसल्याने पत्रा घासून चकाकवला की जुन्या ट्रेलरच्या दुरुस्तीचे काम झाले. हा समज चुकीचा आहे. पत्रा हे केवळ कवच. त्याच्या आत प्लायवूडची जमीन आणि तिच्याखाली पोलादी चॅसी (चाकांवरचा सांगाडा) असते. खिडक्यांच्या आणि रिव्हेटांच्या (पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या) फटींतून झिरपलेले पाणी प्लायवूडच्या कडांत मुरते, शिवाय ओल्या जागी पोलादाला टेकलेले अ‍ॅल्युमिनियम स्वतःच झिजून पांढरी भुकटी धरते. म्हणूनच, पॉलिशचा डबा उघडण्याआधी मागच्या बंपरजवळच्या कोपऱ्यात स्क्रू-ड्रायव्हर टोचून पाहावा. तो लोण्यात शिरावा तसा आत गेला, तर कितीही जिवावर आले तरी आधी जमीनच उखडावी.