आनंदामाइड सापडायला इतका उशीर का झाला

आनंदामाइड हा आपल्या शरीरातच बनणारा, गांजातल्या नशेच्या द्रव्यासारखं काम करणारा रेणू. त्याच्या शोधाची गोष्ट मात्र गांजापासूनच सुरू करावी लागते. अफूतून मॉर्फिन वेगळं काढलं गेलं ते 1805च्या आसपास, जर्मनीत. कोकाच्या पानांतलं कोकेन 1860 साली हाती आलं. गांजात नशा आणणारं मूळ द्रव्य नेमकं कोणतं, हे मात्र 1964पर्यंत कुणालाच खात्रीने सांगता येत नव्हतं. गांजा दुर्लक्षित होता असंही नाही. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात शिकवणाऱ्या विल्यम ओशॉनेसी यांनी 1839 साली धनुर्वात, पटकी आणि लहान मुलांची आकडी यांवर त्याचे प्रयोग करून निष्कर्ष छापले होते. पुढे गांजाचा अर्क युरोपातल्या औषधविक्रेत्यांच्या कपाटात जाऊन बसला. 1893-94 मध्ये ब्रिटिश सरकारच्या आयोगाने हिंदुस्थानभर हिंडून भांग, गांजा आणि चरस यांच्या वापराबद्दल हजारावर साक्षी नोंदवल्या, आणि माफक सेवनाने फारसा अपाय होत नाही असं मत दिलं. म्हणजे माहिती ढीगभर होती, फक्त रेणूच सापडत नव्हता.

कारण रसायनशास्त्रातलं आहे. मॉर्फिन आणि कोकेन ही अल्कलॉइड्स. त्यांच्यात नायट्रोजन असतो, आम्लाबरोबर त्यांचे क्षार बनतात आणि क्षारांचे स्वच्छ स्फटिक मिळवता येतात. गांजातलं द्रव्य तसं नाही. त्यात नायट्रोजन नाही, पाण्यात ते विरघळत नाही, स्फटिक धरत नाही. हाती येतो तो चिकट तेलकट राळेचा गोळा, आणि त्यात एकमेकांशी कमालीचं साम्य असलेली डझनावारी संयुगं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी केंब्रिजच्या रसायनज्ञांनी हिंदुस्थानातल्या चरसापासून कॅनाबिनॉल मिळवलं. 1940 साली अमेरिकेत इलिनॉयच्या रॉजर ॲडम्स यांनी कॅनाबिडिऑल, म्हणजे सीबीडी, वेगळं केलं. पण ज्याच्यासाठी सगळा खटाटोप चालला होता ते या दोन्हींपैकी नव्हतं.

गांजाच्या याच तेलकटपणाने पुढची अनेक वर्षं संशोधकांना चकवलं. आनंदामाइडचा इतिहास गुंतागुंतीचा वाटतो, पण त्याच्या बऱ्याचशा गाठी या एका गुणधर्माशी येऊन सुटतात.

बल्गेरियात जन्मलेले आणि 1949 साली इस्रायलला आलेले राफाएल मेशूलम तेव्हा रेहोवोतच्या वाइझमान इन्स्टिट्यूटमध्ये काम करत होते. संशोधनासाठी त्यांनी तेल अवीवच्या पोलिसांकडून जप्त केलेलं पाच किलो हशीश मिळवलं आणि ते पिशवीत घालून सरळ बसने रेहोवोतला निघाले. बसमध्ये वास पसरला, प्रवासी चुळबुळू लागले, हा किस्सा ते शेवटपर्यंत रंगवून सांगत. रीतसर परवानगी घ्यायला हवी होती हे त्यांना नंतर कळलं. सीबीडीची नेमकी रचना त्यांनी 1963 मध्ये ठरवली, आणि 1964 मध्ये येहिएल गाओनी यांच्यासोबत टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल म्हणजे टीएचसीची रचना प्रसिद्ध केली. मिश्रणातले घटक वेगळे करणारी स्तंभ क्रोमॅटोग्राफीसारखी तंत्रं हाताशी आल्यामुळेच हे जमलं. मग मेशूलम यांच्या पत्नीने केक केला, पाच मित्रांच्या तुकड्यांवर दहा-दहा मिलिग्रॅम टीएचसी घातलं, पाच जणांना साधा केक दिला. टीएचसी घेतलेल्या पाचही जणांवर परिणाम झाला, पण प्रत्येकावर वेगळा: कुणी खदाखदा हसत होतं, कुणी बडबडत होतं, तर कुणाला धास्ती वाटत होती. आजची कोणतीही नीतिसमिती असा प्रयोग चालू देणार नाही.

इथून पुढे, शरीरातला आपला स्वतःचा रेणू सापडेपर्यंत, आणखी 28 वर्षं गेली. तुलनेसाठी अफूकडे पाहू. तिचे रिसेप्टर, म्हणजे ठरावीक रेणू ज्यांवर येऊन बसतो आणि पेशीला संदेश देतो ती पेशीवरची प्रथिनं, 1973 साली दाखवले गेले आणि अवघ्या दोन वर्षांत, 1975 मध्ये, स्कॉटलंडच्या ॲबर्डीन इथे जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टर्लिट्झ यांनी मेंदूतली नैसर्गिक ‘अफू’, म्हणजे एन्केफॅलिन, शोधून काढली. गांजाबाबतही हाच तर्क लावायला काय हरकत होती? हरकत होती ती पुन्हा तेलकटपणाची. टीएचसी मेदात सहज विरघळतं, पेशींचं पटलही मेदाचंच असतं. त्यामुळे टीएचसी कुठल्या ठरावीक रिसेप्टरवर बसत नसून नुसतं पटलात मुरतं आणि पेशीचं काम बिघडवतं, असं अनेकांनी गृहीत धरलं. रिसेप्टर नसेलच तर त्यावर बसणारा शरीराचा रेणू शोधायचा कशाला?

हे गृहीतक मोडायला एक साधी कसोटी होती. रेणू आणि त्याचा आरशातला जुळा यांची मेदात विरघळण्याची क्षमता एकच असते. तेव्हा दोघांचा परिणाम वेगळा निघाला तर ठरावीक आकाराची जागा शरीरात आहे असं मानावं लागतं. सुरुवातीला ही कसोटी नीट उतरली नाही, कारण तपासलेल्या नमुन्यांत जुळ्याची थोडीशी भेसळ राहत असे. 1980च्या दशकात मेशूलम यांच्या गटाने अत्यंत शुद्ध जोडी तयार केली. तिच्यातलं एचयू-210 टीएचसीहून कितीतरी तीव्र होतं, तर एचयू-211 मध्ये गांजासारखा परिणाम जवळपास नव्हताच.

दरम्यान अमेरिकेत सेंट लुइस इथे ॲलिन हाउलेट दुसऱ्या बाजूने याच जागी पोचत होत्या. कॅनाबिनॉइड्समुळे, म्हणजे टीएचसीच्या जातीच्या रेणूंमुळे, पेशीतलं ॲडिनिलेट सायक्लेज हे विकर (एन्झाइम) मंदावतं आणि ते रिसेप्टरचा निरोप पेशीच्या आत पोचवणाऱ्या जी-प्रथिनांमार्फत घडतं, हे त्यांनी दाखवलं. असं काम रिसेप्टरच करतात. फायझर कंपनीने वेदनाशामक शोधताना बनवलेलं एक तीव्र कृत्रिम कॅनाबिनॉइड त्यांना उपयोगी पडलं. त्याला किरणोत्सारी खूण लावून, त्यांचा विद्यार्थी विल्यम डेव्हेन याच्यासह त्यांनी 1988 मध्ये उंदराच्या मेंदूतला रिसेप्टर दाखवून दिला. 1990 मध्ये लिसा मात्सुदा यांच्या गटाने त्याचं जनुक ओळखलं. त्याच वर्षी माइल्स हर्कनहॅम यांनी हे रिसेप्टर मेंदूत कुठे किती आहेत याचा नकाशा काढला. स्मृतीच्या, हालचालींच्या आणि तोल सांभाळणाऱ्या भागांत ते गच्च भरलेले, पण श्वास चालवणाऱ्या मेंदूस्तंभात विरळ. अफूच्या अतिसेवनाने श्वास थांबून माणूस दगावतो, गांजाने सहसा तसं होत नाही, याचं सरळ स्पष्टीकरण या नकाशात मिळतं.

पीएचडी संपवून डेव्हेन जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात मेशूलम यांच्याकडे आले. तिथेच चेकोस्लोव्हाकियातले विश्लेषण-रसायनज्ञ लुमीर हानुश त्यांना मिळाले. मेशूलम यांचा अंदाज असा: टीएचसी मेदासारखं आहे, तेव्हा त्याच रिसेप्टरवर बसणारा शरीरातला रेणूही मेदासारखाच असणार. जो गुण इतकी वर्षं आडवा आला होता तोच आता खूण म्हणून वापरला गेला. डुकरांच्या मेंदूचा अर्क काढायचा, क्रोमॅटोग्राफीने त्याचे भाग पाडायचे, आणि रिसेप्टरला चिकटवलेला किरणोत्सारी रेणू कोणत्या भागामुळे सुटतो ते पाहायचं. वाचायला सोपं आहे. प्रत्यक्षात काही किलो मेंदूमागे मिलिग्रॅमभरही द्रव्य मिळत नव्हतं, आणि जे मिळे ते शुद्ध करता करता बिघडत असे.

1992च्या मार्चमध्ये शुद्ध द्रव्य हाती आलं. रचना उलगडली तेव्हा ती विलक्षण साधी निघाली: ॲराकिडोनिक आम्ल हे मेदाम्ल आणि त्याला जोडलेलं एथॅनोलअमाइन. टीएचसीच्या कड्यांच्या रचनेशी तिचं वरवर काहीच साम्य नाही. ॲबर्डीनच्या रॉजर पर्टवी यांनी ते द्रव्य उंदराच्या शुक्रवाहिनीवर तपासलं. विजेच्या धक्क्याने तिची होणारी आकुंचनं टीएचसीप्रमाणेच यानेही मंदावली. त्याच शहरात सतरा वर्षांपूर्वी एन्केफॅलिनही याच ऊतीच्या मदतीने पकडलं गेलं होतं. शोधनिबंध डिसेंबर 1992 मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. नाव ठेवलं आनंदामाइड. डेव्हेन यांना संस्कृतची ओढ होती आणि ‘आनंद’ तिथून आला, एवढं सांगितलं की मराठी वाचकाला पुढे काही समजावायला नको.

याच कुळातला एक भाऊ तोवर पस्तीस वर्षं जगाला माहीत होता, ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते. पाल्मिटॉइलएथॅनोलअमाइड, थोडक्यात पीईए, 1957 मध्येच अंड्याचा बलक, सोयाबीन आणि शेंगदाण्याची पेंड यांतून वेगळं काढलं गेलं होतं, कारण बलकात दाह कमी करणारं काहीतरी आहे असा संशय होता. 1970च्या दशकात चेकोस्लोव्हाकियात त्याच्या गोळ्या श्वसनमार्गाच्या संसर्गावर दिल्या जात. अमेरिकेत मिनेसोटात हॅराल्ड श्मिड यांच्या गटाला इजा झालेल्या हृदयाच्या ऊतीत या जातीचे रेणू साचलेले आढळले होते. पीईए मात्र गांजाच्या रिसेप्टरवर जवळपास बसतच नाही, त्यामुळे हे धागे कुणी एकत्र ओवले नाहीत. मज्जातंतूंच्या वाढीच्या घटकासाठी नोबेल मिळवलेल्या रीता लेव्ही-मोंताल्चिनी यांनी 1993 मध्ये पीईए पुन्हा चर्चेत आणलं.

मग शोधांची रांगच लागली. 1993 मध्ये केंब्रिजला प्लीहेत आणि रोगप्रतिकार पेशींत आढळणारा दुसरा रिसेप्टर सापडला. 1995 मध्ये मेशूलम यांच्या आणि जपानमधल्या ताकायुकी सुगिउरा यांच्या गटांनी स्वतंत्रपणे दुसरा नैसर्गिक रेणू, 2-एजी, शोधला. मेंदूत त्याचं प्रमाण आनंदामाइडपेक्षा कितीतरी जास्त असतं. पण प्रसिद्धी सगळी आनंदामाइडला मिळाली, आणि मला वाटतं त्याला आकर्षक नावही कारणीभूत आहे. 1996 मध्ये बेंजामिन क्रॅव्हॅट यांनी आनंदामाइड तोडणाऱ्या ‘फा’ या विकराचं जनुक ओळखलं. त्याच वर्षी चॉकलेटमध्ये आनंदामाइड असल्याची बातमी झळकली. ते इतकं नगण्य आहे की चॉकलेट खाऊन गांजासारखी तार लागण्याची शक्यताच नाही, तरी ही गोष्ट अजून समाजमाध्यमांवर फिरत असते. 1999 मध्ये कळलं की मिरचीतलं कॅप्सेसिन ज्या रिसेप्टरला चेतवतं त्यालाही आनंदामाइड चेतवतं. म्हणजे एकच रेणू एका ठिकाणी वेदना शमवतो, तर दुसऱ्या ठिकाणी जळजळीचा रिसेप्टर जागा करतो.

सगळ्यात मोठा उलगडा 2001 साली झाला. अमेरिकेतल्या दोन आणि जपानमधल्या एका गटाने दाखवलं की हे रेणू चेतापेशींमध्ये उलट टपाली काम करतात. नेहमीचा संदेश पहिल्या पेशीकडून दुसरीकडे जातो. इथे संदेश घेणारी पेशीच आपल्या पटलातल्या मेदापासून हा रेणू जागच्या जागी बनवते आणि मागे पाठवते: ‘पुरे, आता थांबव.’ या कामात 2-एजीचा वाटा मोठा, हे पुढे स्पष्ट झालं. आधी बनवून कोठीत भरून ठेवलेला साठा इथे नसतो. गरज पडली की बनवायचं, काम झालं की विकराने लगेच तोडायचं.

औषधकंपन्यांचं गणित चुकलं ते याच ठिकाणी, असं माझं मत आहे. गांजाने भूक खवळते, मग त्याचा रिसेप्टर अडवला तर भूक घटेल, या हिशोबाने सानोफीचं रिमोनाबँट 2006 मध्ये युरोपात लठ्ठपणासाठी बाजारात आलं. वजन खरोखरच उतरलं. पण रिसेप्टर फक्त भुकेच्या केंद्रात नसतात. नैराश्य आणि आत्महत्येचे विचार यांच्या तक्रारी वाढल्या. अमेरिकेत त्याला मंजुरी मिळालीच नाही, 2008 मध्ये युरोपातून ते मागे घेतलं गेलं, आणि भारतातही पुढे त्यावर बंदी आली.

दुसरा मार्ग उलटा होता: रिसेप्टरला हात न लावता ‘फा’ विकर अडवायचं, म्हणजे जिथे आनंदामाइड बनतं तिथेच ते थोडं जास्त वेळ टिकेल. कल्पना डोळस होती. उंदरांमध्ये वेदना आणि भीती दोन्ही कमी झाल्या. फायझरच्या रेणूने माणसांत विकर जवळजवळ बंद पाडलं, आनंदामाइड वाढलं, आणि गुडघ्याच्या संधिवाताच्या वेदना मात्र होत्या तशाच राहिल्या. जानेवारी 2016 मध्ये फ्रान्समधल्या रेन इथे पोर्तुगालच्या बियाल कंपनीच्या अशाच एका द्रव्याची निरोगी स्वयंसेवकांवर चाचणी चालू होती. सर्वांत मोठा डोस रोज घेणाऱ्या सहा जणांना रुग्णालयात न्यावं लागलं, त्यांतला एक दगावला. पुढच्या वर्षीच्या तपासात आढळलं की हे द्रव्य ‘फा’शिवाय चेतापेशींतल्या मेदावर काम करणाऱ्या इतर विकरांनाही अडवत होतं. दोष बहुधा आनंदामाइडचा नव्हता, तरी या वाटेवरचं सगळं काम थबकलं.

पुन्हा उत्सुकता जागवली ती स्कॉटलंडच्या एका महिलेने. हाताच्या शस्त्रक्रियेनंतर साठी ओलांडलेल्या या बाईंना वेदनाशामक जवळपास लागलंच नाही, तेव्हा भूलतज्ज्ञ देवजित श्रीवास्तव यांनी त्यांना लंडनच्या जनुकतज्ज्ञांकडे पाठवलं. ‘फा’च्या शेजारच्या जनुकीय भागात एक तुकडा गळालेला निघाला, आणि रक्तात आनंदामाइड साधारण दुप्पट. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार त्यांना चिंता आणि भीती फारशी वाटत नाही, जखमा लवकर भरतात. मात्र भाजलं तरी कळत नाही, आणि विसराळूपणाही आहे. जन्मभर आनंदामाइड चढं असलं तर काय होतं याची ही मानवी नोंद आहे. पण हे मेंदूच्या घडणीपासूनच जुळून आलेलं असावं; साठीत गोळी घेऊन तेच होईल असा अर्थ त्यातून निघत नाही.

अलीकडे भारतात विजया (म्हणजे भांगेच्या) अर्काच्या आणि सीबीडीच्या तेलांच्या जाहिरातींत ‘आनंदामाइड वाढवतं’ हा दावा दिसतो. त्याचा आधार बराचसा उंदरांवरच्या प्रयोगांत आहे: उंदरांचं ‘फा’ सीबीडीने मंदावतं. 2015 मध्ये अमेरिकेतल्या स्टोनी ब्रूकच्या संशोधकांनी तपासलं तेव्हा माणसाचं ‘फा’ त्याने मंदावत नाही असं आढळलं. सीबीडीचा परिणाम होत असेल तर तो पेशीच्या आत आनंदामाइड वाहून नेणाऱ्या प्रथिनांमार्फत होत असावा, असं त्यांनी सुचवलं. ही प्रथिनं लागतात तीही आनंदामाइड तेलकट असल्यामुळेच, कारण पेशीतल्या पाण्यातून ते एकटं फिरू शकत नाही.