अहवालात ‘प्रजाती निश्चित नाही’ असं आलं तर
(आमच्या प्रयोगशाळेच्या पोल्ट्रीधारक ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आतड्याच्या नमुन्याचा अहवाल हातात पडतो, एका जिवाणूपुढे ‘प्रजाती निश्चित नाही’ असं छापलेलं दिसतं आणि लगेच आम्हाला फोन येतो: "साहेब, नवीन रोग आलाय का? कुठलं अँटिबायोटिक सुरू करू?" शेडमध्ये पाच हजार पक्षी असताना असा शेरा वाचून झोप उडणारच. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

नवीन जिवाणू म्हणजे नवीन रोग नव्हे. कोंबडीच्या लहान आणि मोठ्या आतड्याच्या जोडावर दोन आंधळ्या पिशव्या असतात. कॉक्सी (कॉक्सिडिओसिस) या आतड्याच्या रोगात रक्ताने भरतात त्याच. तिथल्या एका ग्रॅम मालात हजार कोटींहून जास्त जिवाणू राहतात आणि त्यांतल्या पुष्कळांना हवा सोसत नाही. प्रयोगशाळेत जिवाणू वाढवायच्या प्लेटवर ते वाढतच नाहीत, मग नाव कुठून मिळणार? निनावी जिवाणूंपैकी बहुतेक पक्ष्याला काही करत नाहीत, उलट खाद्य पचवायला मदत करणारेही त्यांत असतात.

मात्र दुर्लक्षही करायचं नसतं. ‘एन्टेरोकॉकस सेकोरम’चंच बघा. १९८३ साली कोंबडीच्या याच पिशव्यांमधला एक रहिवासी म्हणून त्याचं वर्णन झालं. तेव्हा त्याला ‘स्ट्रेप्टोकॉकस’ म्हणत. १९८९ मध्ये तो एन्टेरोकॉकस गटात गेला. पुढे २००२ मध्ये स्कॉटलंड आणि नेदरलँड्समधल्या ब्रॉयलर (मांसासाठीच्या) पक्ष्यांच्या मणक्यांत आणि सांध्यांत तोच सापडला. पक्षी पाय पुढे टाकून बसून राहायचे, खाद्य-पाण्यापर्यंत पोहोचायचे नाहीत. नंतरच्या अभ्यासांत दिसलं, की त्रास देणारे स्ट्रेन (एकाच प्रजातीतले उपप्रकार) आतड्यात निमूट राहणाऱ्यांपेक्षा बरेच वेगळे असतात. म्हणून नुसत्या नावावर आम्ही औषध सुचवत नाही. जिवाणू आतड्यात मिळाला की मणक्यात, हे आधी बघतो.

लेयरवाल्यांसाठी (अंड्यांच्या कोंबड्या पाळणाऱ्यांसाठी) उलटं उदाहरण. यकृतावर पांढरट ठिपके पडणं आणि अंडी घटणं हा आजार १९५०च्या दशकापासून माहीत होता, पण कारणीभूत जिवाणू नीट हाती लागत नव्हता. तो फार सावकाश वाढतो, त्यामुळे प्लेटवर इतर जिवाणू त्याला झाकून टाकतात. त्याला ‘कॅम्पिलोबॅक्टर हेपॅटिकस’ हे नाव मिळालं २०१६ मध्ये, ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांकडून. रोग आधी आणि नाव अर्धशतकानंतर, असंही होतं.

नवीन प्रजाती ठरते कशी?

आधी जिवाणू एकटा, शुद्ध वाढवावा लागतो. मग त्याच्या ‘सोळा एस’ या जनुकाची साधारण १५०० डीएनए-अक्षरं वाचून ज्ञात जिवाणूंशी ताडून बघतात. साम्य ९८.७ टक्क्यांच्या खाली आलं तर नवीन प्रजातीची दाट शक्यता. वर आलं तरी निकाल लागत नाही, कारण वेगळ्या प्रजातींतही हे जनुक जवळपास सारखं असू शकतं. तेव्हा संपूर्ण जीनोम, म्हणजे जिवाणूचा सगळा डीएनए वाचतात. जवळच्या प्रजातीशी सरासरी साम्य ९५-९६ टक्क्यांपेक्षा कमी भरलं, तर ती वेगळी प्रजाती मानतात. शिवाय तो कोणती साखर वापरतो, किती तापमानाला वाढतो, त्याच्या पेशीत कोणती मेदाम्लं आहेत, हे सगळं नोंदवावं लागतं.

शेवटी जिवंत नमुना दोन वेगवेगळ्या देशांतल्या मान्यताप्राप्त संग्रहांत ठेवावा लागतो, म्हणजे जगात कुणालाही तो पडताळता येतो. आपल्याकडे पुण्यातलं ‘नॅशनल सेंटर फॉर मायक्रोबियल रिसोर्स’ आणि चंडीगडचं ‘एमटीसीसी’ असे संग्रह आहेत. मग वर्णन छापून येतं आणि लॅटिन धाटणीचं नाव लागतं. यात महिनोन् महिने जातात. हे काम आमच्या छोट्या प्रयोगशाळेत पूर्ण होत नाही. आम्ही शुद्ध कल्चर करून (जिवाणू एकटा वाढवून) पुढे पाठवतो. तुमच्या बॅचचा निर्णय मात्र त्यासाठी अडत नाही. पोस्टमार्टम, लक्षणं आणि औषध-संवेदनशीलता चाचणी (कोणतं औषध जिवाणूवर चालतं ते बघणारी) यांवर तुमचे पशुवैद्यक तो घेऊ शकतात.

नमुना देताना

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून आग्रहाने सांगतो. औषधाचा डोस सुरू करण्याआधी नमुना द्या. एकदा डोस पोटात गेला, की आम्हाला उरलेसुरलेच जिवाणू दिसतात आणि खरा दोषी हाती लागत नाही. रात्री मेलेला, फुगलेला पक्षी सकाळी आणू नका. मेल्यावर आतड्यातले जिवाणू शरीरभर पसरतात. लक्षणं दिसणारे तीन-चार जिवंत पक्षी आणि सोबत एक ठणठणीत पक्षी आणा. तो ठणठणीत पक्षी फार मोलाचा असतो. तोच निनावी जिवाणू त्याच्याही आतड्यात तितकाच मिळाला, तर रोगाचा आळ त्याच्यावर सहज घेता येत नाही.

पक्षी आणणं जमत नसेल तर पशुवैद्यकांकडून आतड्याचा तुकडा दोन्ही टोकांना दोऱ्याने बांधून घ्या, म्हणजे आत हवा शिरणार नाही. स्वच्छ पिशवीत घालून बर्फाच्या डब्यात ठेवा आणि त्याच दिवशी पोहोचवा. फ्रीझरमध्ये गोठवू नका. पिशवीवर बॅच, पक्ष्यांचं वय, रोजची मर आणि आधी दिलेली औषधं व लसी लिहा.